घोड्यांचे जंत : औषधापूर्वी लीद तपासा



जालना जिल्ह्यात घोड्यांचा पसारा फार मोठा नाही. वरातीची घोडी, धनगर बांधवांचे ओझ्याचे तट्टू आणि हौसेने पाळलेली काही जनावरे, एवढेच. परंतु ज्याचा चरितार्थ लग्नसराईवर चालतो, त्याच्या दृष्टीने घोडीचे पोटदुखणे ही लहान बाब नव्हे. या भीतीपोटीच दर दोन-तीन महिन्यांनी सरसकट जंतनाशक पाजण्याची प्रथा पडली. ती आता सोडावयास हवी.

एकाच औषधाच्या वारंवार वापराने त्यास न जुमानणारे जंत तेवढे शिल्लक राहतात व त्यांचीच पैदास वाढते. घोड्यांतील लहान स्ट्राँगाइल जंतांवर फेनबेंडाझोल गटातील औषधे जगात अनेक ठिकाणी निष्प्रभ ठरली आहेत. शिंगरांतील मोठे गोलजंतही कित्येक ठिकाणी आयव्हरमेक्टिनला दाद देईनासे झाले आहेत. नवी औषधे काही रोज निघत नाहीत!

तेव्हा प्रथम लीद तपासावी. नुकत्याच पडलेल्या लिदीचा जमिनीस न लागलेला वरचा भाग मूठभर घ्यावा, पिशवीतील हवा काढून तोंड बांधावे आणि सावलीत, थंड ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावा. प्रयोगशाळेत ४ ग्रॅम लीद ५६ मिलिलिटर संपृक्त मिठाच्या पाण्यात कालवितात. अंडी हलकी असल्याने वर तरंगतात. मॅकमास्टर काचपट्टीच्या दोन कप्प्यांत दिसलेली अंडी मोजून ५० ने गुणली की एका ग्रॅममधील संख्या मिळते.

प्रौढ घोड्यात ती २०० च्या आत असल्यास सहसा औषध लागत नाही; ५०० च्या वर गेल्यास द्यावे. मधल्या संख्येचा निर्णय पशुवैद्यकावर सोपवावा. औषधानंतर १४ दिवसांनी पुन्हा मोजणी करावी. अंडी पुरेशी घटली नसतील, तर ते औषध लागू पडत नाही असे समजावे.

या मोजणीस मर्यादाही आहेत. आतड्याच्या भिंतीत दडलेल्या अळ्या अंडी घालीत नाहीत, म्हणून खंगलेल्या जनावराची संख्या शून्य आली तरी निश्चिंत राहू नये. शिंगरांना तर हा हिशेब लावूच नये. जंतांनी पोट भरलेल्या शिंगरास एकदम प्रखर औषध दिल्यास मेलेल्या जंतांचा गोळा आतड्यात अडकून ते दगावू शकते. त्याचे औषध पशुवैद्यकानेच ठरवावे.

मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात रानातील अळ्या फारशा तगत नाहीत. पावसाळी ओल्या गवतावर मात्र त्या फोफावतात. यास्तव एक मोजणी पावसाच्या तोंडावर व दुसरी पाऊस सरल्यावर करावी. माळेगावच्या खंडोबा यात्रेतून नवा घोडा आणलात, तर लिदीचा निकाल येईपर्यंत तो वेगळा बांधावा.