सिस्टर, या रिपोर्टात काय लिहिलंय?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त महिला मंडळाच्या हळदीकुंकू कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून देताना थोडे फेरफार केले आहेत.)

मंडळाच्या अध्यक्षबाई, माझ्या मैत्रिणींनो, आणि कार्यक्रम बायकांचा असूनही बटाटेवड्यांच्या वासाने मागे येऊन बसलेल्या पुरुषमंडळींनो, तुम्हीही बसा. आजचा विषय तुमच्याही घरातलाच आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही इथे राहायला आलो तेव्हा बी विंगची लिफ्ट सुरू झाली नव्हती आणि पाणी टँकरने येत होतं. मी तेव्हा सरकारी रुग्णालयात, बाळंतपणाच्या वॉर्डात नोकरीला होते. ही बातमी आठवड्याभरात सगळ्या मजल्यांवर पोचली. तेव्हापासून आजपर्यंत जिन्यात, गच्चीवर, भाजीच्या गाडीपाशी कुणीतरी हळूच बाजूला घेतं, पिशवीतून घडी घातलेला कागद काढतं आणि विचारतं, "सिस्टर, या रिपोर्टात काय लिहिलंय हो?"

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. उपचार सांगणं माझं काम नव्हे. पण कागदावरचे शब्द तेहेतीस वर्षं वाचले आहेत. त्यातले काही उगाच घाबरवतात, काही घरात भांडणं लावतात, आणि काही वेळेवर कळले नाहीत तर जीव घेतात. आज तेवढंच बोलते.

सुरुवात तारखेपासून. नवीन लग्न झालेली एक मुलगी सासूबाईंबरोबर आली होती. लग्नाला पाच आठवडे झालेले आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टात लिहिलेलं, गर्भ सहा आठवड्यांचा. सासूबाई बोटं मोजत बसलेल्या आणि मुलगी भिंतीकडे बघत. आता हा हिशेब नीट ऐका. डॉक्टर गर्भारपणाचे आठवडे लग्नापासूनही मोजत नाहीत आणि गर्भ राहिल्यापासूनही मोजत नाहीत. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण तेवढाच दिवस बाईला नक्की आठवतो. कागदावर 'एल.एम.पी.' लिहिलेलं असतं ते हेच. प्रत्यक्षात गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे सहा आठवडे लिहिलेला गर्भ खरा चार आठवड्यांचाच असतो. मी हे कागदावर रेघा मारून दाखवलं, तेव्हा सासूबाईंचा चेहरा उतरला आणि मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दोन आठवड्यांच्या फरकाने एक संसार मोडला असता.

त्याच्याच शेजारी 'ई.डी.डी.' असतं, म्हणजे बाळंतपणाची अंदाजे तारीख. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. १० जानेवारीला पाळी आली असेल तर १७ ऑक्टोबर. एकूण २८० दिवस, चाळीस आठवडे. हा अंदाज आहे, मुहूर्त नाही. नेमक्या त्याच दिवशी फार थोडी बाळं येतात. सदतीस आठवडे पुरे झाले की बाळ दिवस भरलेलं मानतात, त्याआधी आलं तर अपुऱ्या दिवसांचं.

आता उगाच घाबरवणारे शब्द. 'अँटिव्हर्टेड युटेरस' हा तर मला दर महिन्याला कुणीतरी दाखवतं. याचा अर्थ गर्भपिशवी पुढच्या बाजूला कललेली आहे. बहुतेक बायकांची तशीच असते! 'रेट्रोव्हर्टेड' म्हणजे मागे कललेली. साधारण पाचांतल्या एकीची तशी असते आणि एवढ्यावरून काही बिघडत नाही. कुणी उजव्या कुशीवर झोपतं, कुणी डाव्या, तसंच ते.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत 'लो लाइंग प्लॅसेंटा' येतं. प्लॅसेंटा म्हणजे आपल्या आज्या म्हणायच्या ती वार. ती पिशवीच्या तोंडाजवळ, खाली चिकटली आहे, एवढंच त्यांना सांगायचं असतं. पिशवी वाढते तशी ही वार बहुतेकींची तोंडापासून दूर सरकते, म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत पुन्हा बघतात. मात्र रक्त दिसलं, दुखत नसलं तरी, घरी थांबायचं नाही. तडक दवाखाना गाठायचा.

आणि 'सर्व्हायकल इरोजन'. याचं मराठी भाषांतर काही ठिकाणी 'पिशवीच्या तोंडाला जखम' असं करतात आणि बाई रात्रभर झोपत नाही. ती जखम नसते. पिशवीच्या आतल्या बाजूचं लालसर, नाजूक अस्तर तोंडाशी बाहेर आलेलं असतं. तरुण वयात, गर्भारपणात, गोळ्या चालू असताना हे नेहमी दिसतं. त्याने कॅन्सर होत नाही. तपासणी जरूर करा, पॅप स्मिअर करून घ्या, पण एवढ्या एका शब्दावर "पिशवी काढून टाका" असं कुणी म्हणालं, तर उठा आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

आता भांडण लावणारा शब्द. वॉर्डात एका पेशंटचा तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला. घरी जायच्या दिवशी तिच्या नवऱ्याच्या हातात कार्ड पडलं, त्यावर लिहिलेलं, 'मिस्ड अबॉर्शन'. तो शिकलेला माणूस, इंग्रजी वाचणारा. भर वॉर्डात तिला म्हणाला, "मला न सांगता पाडलंस?" ती पोर अजून धड उभी राहू शकत नव्हती.

आपल्या बोलण्यात अबॉर्शन म्हणजे मुद्दाम केलेला गर्भपात. डॉक्टरांच्या भाषेत तसं नाही. बाळ बाहेर जगू शकेल इतकं वाढण्याआधी गर्भ गेला, की कारण काहीही असो, शब्द तोच. 'स्पॉन्टेनियस' म्हणजे आपोआप गेला. 'मिस्ड' म्हणजे आतल्या आत ठोके थांबले, पण गर्भ बाहेर पडला नाही. 'इनकम्प्लीट' म्हणजे काही भाग आत राहिला. 'थ्रेटन्ड' म्हणजे रक्त दिसलंय, पण गर्भ टिकूही शकतो. स्वतःहून करून घेतलेल्याला कागदावर बहुधा 'एम.टी.पी.' लिहितात, आणि त्याला १९७१ च्या कायद्याने ठरावीक अटींवर परवानगी आहे. सुरुवातीच्या महिन्यांत आपोआप गेलेल्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिक गर्भांत मुळातच गुणसूत्रांचा दोष असतो. तिने पपई खाल्ली, जिना चढली, बादली उचलली म्हणून ते होत नाही. सासूबाई इथे बऱ्याच बसल्या आहेत, म्हणून मुद्दाम सांगते.

पुढचा शब्द 'हिस्टरेक्टॉमी', पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. ऐन तिशीत पिशवी काढलेल्या बायका इतक्या निघाल्या, की राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. आपल्याला वाटतं, ते तिकडचं. पण आपल्याही इमारतीत किती जणींनी सही करण्याआधी पूर्ण कागद वाचला होता? 'टोटल' म्हणजे गर्भपिशवी तिच्या तोंडासकट काढणार. अंडाशय त्यात येत नाहीत. ते काढायचे असतील तर पुढे 'बी.एस.ओ.' लिहितात. अंडाशय काढले की तिशी-पस्तिशीची बाई एका दिवसात पाळी गेलेल्या बाईसारखी होते. अंगाची आग होते, झोप उडते, हाडं ठिसूळ होऊ लागतात. गरज असेल तर ही शस्त्रक्रिया जीव वाचवते, तिला मी नावं ठेवत नाही. फक्त सहीआधी तीन प्रश्न विचारा. का काढायची? अंडाशय ठेवणार का? दुसरा काही उपाय आहे का?

शेवटचं जरा जड आहे. हे मी आजवर चारचौघांत बोलले नाही.

आमच्या मोठ्या जाऊबाई गावी असायच्या. पाळी जाऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. गणपतीत घरी गेले तेव्हा मोदकाची उकड मळता मळता मला म्हणाल्या, "अगं, अंगावर जातंय थोडं." मी ऐकलं, पांढरं जातंय. तांदळाचं धुवण घ्या म्हटलं आणि सारण घाटायला लागले. त्यांना म्हणायचं होतं, रक्त जातंय. आपल्याकडे 'अंगावर जाणं' दोन्हीला म्हणतात. मी फिरून विचारलं नाही, त्यांनी स्पष्ट सांगितलं नाही. दिवसभर रुग्णालयात बायकांना खोदून खोदून विचारणारी मी, घरात, चुलीपाशी, पुरुषमाणसं ओटीवर बसलेली असताना, एक प्रश्न विचारायला लाजले. पुढच्या मे महिन्यात त्यांना मुंबईला आणलं तेव्हा गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर पिशवीबाहेर पसरला होता. दीड वर्षाने त्या गेल्या.

आधी कळतं तर वाचल्या असत्या का? हे मला कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नाही. पण हा कॅन्सर लवकर सापडला तर बहुतेक बायका बऱ्या होतात, हे मला तेव्हाही माहीत होतं.

म्हणून हे एक वाक्य फ्रिजवर लावून ठेवा. पाळी वर्षभर आली नाही की ती गेली, आणि त्यानंतर एक थेंबही रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर. बहुतेकींचं कारण साधं निघतं. सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात, जास्त वाटली तर तुकडा काढून तपासतात. आणि सांगताना 'अंगावर जातंय', 'अडचण आहे', 'तसलंच काहीतरी' असं म्हणू नका. रक्त म्हणा. किती, कधीपासून, ते सांगा. रक्त म्हणायला लाज वाटायचं कारण नाही, आपण सगळेच त्यातून आलो आहोत.

घरोघरी प्रत्येक बाईची एक फाइल करा, सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावा. मेंटेनन्सच्या पावत्या आपण पंचवीस वर्षं जपल्या, हेही जमेल. आणि कागद कळला नाही तर तो लिहिणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, "याचा मराठीत अर्थ काय?" तो विचारायचा आपल्याला हक्क आहे. तरीही शंका राहिली तर माझं दार आहेच. बी विंग, तिसरा मजला. कागद लपवून आणायची गरज नाही.

आता वाण घ्या आणि वडे गार व्हायच्या आत खाऊन घ्या.