मागे नाव लिहिलेला फोटो

आमच्या गटात एक निवृत्त नर्सबाई आहेत. कॅमेरा हा त्यांचा जुना छंद. त्या म्हणतात, रोलमध्ये ३६ फोटो निघायचे, म्हणून बटण दाबण्याआधी माणूस नीट बघितला जायचा. आता फोनमध्ये हजारो फोटो, पण फोन पाण्यात पडला की सगळेच गेले. गटातल्या एकीच्या आईचा शेवटचा फोटो तसाच गेला. दुसरा नव्हताच, फोटोच्या वेळी बाई नेमकी चुलीपाशी असते ना!

आता दर बैठकीला आम्ही दोन फोटो निवडून तालुक्याच्या स्टुडिओतून छापून आणतो. मागे मऊ पेन्सिलीने नाव, तारीख लिहितो. ओलसर भिंतीला टांगत नाही. पहिला मान थोरल्या आजींना दिला. त्यांचा एकटीचा फोटो तोवर फक्त मतदान कार्डावर होता.