बोजा आपला, उशीर कुणाचा?



वसंत व्याख्यानमालेत थोरांची चरित्रे शोभतात, संतवाङ्मय शोभते. तेथे आम्ही परदेशातील आगगाडी, सामानसुमान आणि गाडी बदलण्याची धावपळ हा विषय घेऊन उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. चिरनेरच्या माणसाला याचे काय, असेही कुणी विचारील. परंतु जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आली, ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारीच नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. आपली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी जर्मनीत आणि जपानात जातात आणि मागाहून आईबापांना बोलावून घेतात. विमानातून उतरले म्हणजे प्रवास संपत नाही. मुलाच्या गावापर्यंत पुष्कळदा आगगाडीनेच जावे लागते आणि वाटेत एकदोनदा गाडी बदलावी लागते. मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, मध्ये सात मिनिटे आहेत, पुष्कळ झाली." त्या वेळी बाबांच्या दोन्ही हातांत वीस-वीस किलोच्या बॅगा असतात, आणि आई मागे लोणच्याची बरणी सांभाळीत येत असते.

आम्हांला हा प्रश्न कामगार चळवळीतलाच वाटतो. ओझे किती असावे, ते किती वेळात हलवावे, आणि वेळ चुकली तर नुकसान कुणी सोसावे, या तीन प्रश्नांवरच आमच्या चळवळीची निम्मी भांडणे झाली आहेत. त्याच क्रमाने बोलू.

पहिला प्रश्न ओझ्याचा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली माणसाने वाहावयाच्या कमाल ओझ्याबद्दल करार केला, आणि भारताने तो २०१० साली मान्य केला. सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगारासाठी ५५ किलोंची मर्यादा सांगितली आहे. ही मर्यादा रोज ओझे वाहणाऱ्या, कसलेल्या गड्यासाठी आहे, हे ध्यानात घ्या. साठीच्या घरातला, गुडघे दुखणारा गृहस्थ मात्र स्वतःला कसलीच मर्यादा घालीत नाही. आपल्याकडे दुसऱ्या वर्गाला ३५ किलो, स्लीपरला ४० किलो सामान फुकट नेता येते. नियम असा वजनावर बोलतो, आणि उचलायला लाल सदऱ्यातला हमाल असतो. युरोपात तो बहुतेक ठिकाणी मिळत नाही. तेथे जिना तुमचा, डब्याची पायरी तुमची आणि डोक्यावरची फळीही तुमचीच.

म्हणून नियम एकच ठेवावा. जेवढे सामान आपण एकट्याने, एका खेपेत, जिना चढून नेऊ शकतो तेवढेच घ्यावे. 'एका खेपेत' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण एक नग खाली ठेवून दुसरा वर नेला की खालचा चोराच्या हाती तरी पडतो, नाही तर बेवारस म्हणून पोलिसांच्या तरी. निघण्यापूर्वी भरलेल्या बॅगा घेऊन घरचाच जिना दोनदा चढून पाहावा. त्या परीक्षेत जे नापास होईल ते घरी राहू द्यावे.

देशोदेशीचे नियमही पाहावेत. फ्रान्सच्या वेगवान गाड्यांत प्रत्येक नगावर नावाची चिठ्ठी सक्तीची आहे. जपानच्या तोकाइदो शिंकान्सेन गाडीत बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली, तर त्यासाठी ठराविक आसन आधी राखून ठेवावे लागते. २५० च्या वर गेली तर बॅग घेतच नाहीत. पण त्याच जपानात १९७६ पासून घरपोच सामान पोहोचविण्याचा धंदा उभा आहे. मोठी पेटी आदल्या दिवशी पुढे पाठवायची आणि आपण पिशवी घेऊन गाडीत बसायचे. यात कमीपणा काही नाही. ओझे वाहणाऱ्याला दाम देऊन ओझे द्यावे, हा सरळ व्यवहार आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. सात मिनिटे सगळीकडे सारखी नसतात. स्वित्झर्लंडने १९८२ पासून सबंध देशाचे वेळापत्रक ठराविक अंतराने धावणाऱ्या गाड्यांवर बसविले. मोठ्या स्थानकात चहूकडच्या गाड्या तास भरण्याच्या जरा आधी येतात आणि तास उलटल्यावर जरा वेळाने सुटतात. गाडी बदलता यावी म्हणूनच ते वेळापत्रक आखलेले आहे, म्हणून तेथे थोडी मिनिटे पुरतात. शेजारच्या जर्मनीत २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी शेकडा सुमारे ६२ च वेळेवर आल्या. आणि तेथे सहा मिनिटांच्या आतला उशीर उशीर धरीतच नाहीत! तेव्हा फोनने दाखविलेली सात मिनिटे स्वित्झर्लंडात भरवशाची असतील, पण जर्मनीत ती जुगाराची होतात.

स्थानकही पाहावे. पॅरिसला उत्तरेकडून येणारी गाडी एका स्थानकात थांबते आणि दक्षिणेकडे जाणारी शहरापलीकडच्या दुसऱ्या स्थानकातून सुटते. आपल्याला हे समजावून सांगायला नको. सीएसएमटीला उतरून वांद्रे टर्मिनसची गाडी पकडणाऱ्याला विचारा! म्हणून दोन्ही स्थानकांची नावे अक्षर न् अक्षर वाचावीत. मोठे सामान असेल तर निदान अर्धा तास मध्ये ठेवावा, आणि दिवसातल्या शेवटच्या गाडीवर प्रवास टांगून ठेवू नये. परतीचे विमान असेल तर एक संपूर्ण गाडी चुकली तरी चालेल इतकी सवड ठेवावी. उतरण्याचे स्थानक येण्यापूर्वी दहा मिनिटे सामान दाराशी आणून उभे राहावे.

तिसरा प्रश्न नुकसानीचा, आणि तोच खरा. आपल्या शेजारच्या न्हावाशेवा बंदरात हजारो कंटेनर येतात. हे बंदर १९८९ साली सुरू झाले. कंटेनर कारखान्यात भरला जातो, त्याला सील लागते. मग तो ट्रेलरवर, आगगाडीवर, बोटीवर चढतो. वाहने बदलतात, पण सील तुटत नाही, आणि पुष्कळदा सबंध वाटेचा कागदही एकच असतो. त्यामुळे मध्ये कुठे खोळंबा झाला तर जाब कुणाला विचारायचा हे ठरलेले असते. पेटीची एवढी व्यवस्था झाली. मग माणसाची?

माणसासाठीही ती आहे. तिचे नाव सलग तिकीट. युरोपीय संघाचा नवा कायदा जून २०२३ पासून लागू झाला. त्यानुसार सलग तिकीट असताना पहिल्या गाडीच्या उशिराने पुढची गाडी चुकली, आणि मुक्कामी पोहोचायला तासाभराचा किंवा अधिक उशीर होणार असेल, तर पैसे परत घ्यायचे की दुसऱ्या गाडीने पुढे जायचे, हे प्रवाशाने ठरवायचे. पुढे जाऊन एक तासाहून अधिक उशीर झाला तर तिकिटाच्या शेकडा २५, आणि दोन तासांहून अधिक झाला तर शेकडा ५० भरपाई मिळते. अस्मानी संकटासारखे काही अपवाद आहेत. रात्र काढावी लागली तर शक्य तेथे निवाऱ्याची सोयही कंपनीने करायची आहे. स्वित्झर्लंड आणि इंग्लंड संघाबाहेर आहेत, तेथले नियम निराळे.

परंतु हेच दोन तुकडे वेगवेगळे घेतले, चार पैसे वाचले म्हणून खुश झालो, तर पहिली कंपनी म्हणते, "आम्ही तुम्हांला पोहोचविले," आणि दुसरी म्हणते, "आमची गाडी वेळेवर सुटली." कंत्राटी कामगाराला हे बोलणे ओळखीचे आहे. काम एक, कंत्राटदार चार, आणि अपघात झाला की जबाबदार कुणीच नाही! स्वस्त तुकड्यांमध्ये उशिराची जोखीम गुपचूप प्रवाशाच्या डोक्यावर ठेवलेली असते. ते ओझे तराजूत दिसत नाही, पण सर्वांत जड तेच.

आपल्या रेल्वेतही १ एप्रिल २०१९ पासून दोन तिकिटांचे पीएनआर जोडून घेता येतात. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे न कापता परत मिळतात. पुढच्या गाडीत जागा देण्याची हमी मात्र त्यात नाही. पैसे परत मिळणे आणि मुक्कामी पोहोचणे यांत अंतर आहे, आणि ते भरून काढण्याची मागणी प्रवाशांनी संघटितपणे करायला हवी.

तेव्हा मुलाने तिकीट पाठविले की त्याला आधी विचारा, "बाळा, हे एक तिकीट आहे की तुकडे?" एकाच वेळी पैसे भरले म्हणजे तिकीट सलग होतेच असे नाही. गाडी चुकली तर घाबरून दिसेल त्या गाडीत चढू नका. आधी कर्मचाऱ्याला तिकीट दाखवा, उशिराची नोंद मागून घ्या, मग पुढे जा. मदतीच्या खिडकीपाशी उभे राहणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

हक्क म्हणजे काय, हे या गावाला आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात येथल्या माणसांनी त्याची किंमत प्राणांनी मोजली. त्या मानाने आगगाडीच्या तिकिटाचा हक्क फार लहान. पण लहान हक्क सोडून देण्याची सवय लागली की मोठ्यांची आठवणही राहत नाही. सामान आपले आहे, ते बेताचे ठेवणे आपले काम. उशीर ज्याचा असेल त्याच्या पदरात तो घालणे, हेही आपलेच काम.