कामाचा सांधा
(नभोवाणीवरील भाषण)

सायंकाळी सातच्या सुमारास ऐरोली स्थानकावर आपण उतरलात, तर एक दृश्य आपणांस हमखास पाहावयास मिळेल. स्थानकाच्या जिन्यावर माणसांचे दोन लोंढे समोरासमोर येतात. एक लोंढा दिवसाचे काम आटोपून घराकडे निघालेला असतो; दुसरा रात्रपाळीसाठी नुकताच गाडीतून उतरलेला असतो. पुष्कळांच्या गळ्यांतील ओळखपत्रे एकाच कचेरीची असतात. सकाळी ज्या खुर्चीवर एकजण बसला, त्याच खुर्चीवर रात्री दुसरा बसावयाचा असतो. एकाने अर्धवट ठेवलेले काम दुसऱ्याने पुरे करावयाचे असते. आणि तरीही हे दोघे जिन्यावर एकमेकांना खांदा घासून निघून जातात, परस्परांचे तोंडही ओळखत नाहीत! आज मी जे चार शब्द बोलणार आहे, ते या जिन्याविषयीच आहेत असे म्हणावयास हरकत नाही.

ऐरोली हे गाव मूळचे खाडीकाठचे, आगरी-कोळी लोकांच्या वस्तीचे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यात औषधांचे, रसायनांचे, यंत्रांचे कारखाने उभे राहू लागले. पुढे १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने येथे वसाहती आखल्या, आणि २००४ साली ठाण्याहून वाशीपर्यंत प्रवाशांची रेल्वे धावू लागली. आता कारखान्यांच्या जोडीला संगणकाच्या कामाच्या प्रचंड कचेऱ्या आल्या आहेत. त्यांचे ग्राहक कोठे अमेरिकेत, कोठे युरोपात, आणि म्हणून त्यांचा दिवस मावळतच नाही. कारखाना काय किंवा कचेरी काय, काम पाळीने चालते. आणि जेथे पाळी आहे, तेथे एका हातातून दुसऱ्या हातात काम देणे आहे. सहकाऱ्यांमधील बहुतेक भांडणे या देण्याघेण्यात जन्मास येतात, असे माझे अनुभवांती मत झाले आहे.

सामान्यतः आपण काय समजतो? अमका तापट आहे, तमका कुचका आहे, अमकीला कोणाचे चांगले पाहवत नाही. म्हणून भांडण होते. स्वभावाचा वाटा मुळीच नसतो असे मी म्हणत नाही. परंतु त्याच तापट मनुष्याचे शेजारच्या टेबलाशी उत्तम जमते आणि पलीकडच्या खात्याशी रोज खटका उडतो, हे आपण पाहतोच. सुतार काय सांगेल? खुर्ची करकरते ती लाकूड वाईट म्हणून क्वचितच. बहुधा सांधा ढिला झालेला असतो. भांडण माणसांत दिसते, पण राहते ते कामाच्या सांध्यात.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. त्यासाठी मी जी किंमत दिली, किंबहुना माझ्यासाठी दुसऱ्याने जी दिली, ती हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी ऐरोलीतील एका कचेरीत परदेशी ग्राहकांच्या हिशेबाचे काम चाले. दिवसपाळीचा प्रमुख मी होतो. रात्रपाळीचे प्रमुख मजहून वयाने मोठे, साताऱ्याकडचे एक गृहस्थ होते. मितभाषी, कामात चोख. एका महिनाअखेरीस एका ग्राहकाच्या काही पुरवठादारांचे बँकखाते बदलल्याचे मला दुपारी कळले. ही गोष्ट पाळीच्या नोंदीत लिहावयाची होती. मी ती लिहिली नाही. गाडी चुकेल म्हणून घाईने निघताना मी एका उमेदवार मुलाला तोंडी सांगितले, "त्यांना कळव." तो मुलगा सांगावयास विसरला. रात्री पैसे जुन्याच खात्यांवर धाडले गेले आणि बँकेकडून ते परत आले.

सकाळी मी आलो आणि ते पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकास गेली. मी त्या गृहस्थांना दूरध्वनी केला नाही, त्या मुलालाही विचारले नाही. खुर्चीत बसलो आणि एक ई-मेल लिहिले. "रात्रपाळीच्या निष्काळजीपणामुळे" अशी त्याची सुरुवात होती, आणि त्याच्या प्रती मी चार वरिष्ठांस धाडल्या. दोन दिवसांनी तो मुलगा रडवेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आला, आणि चूक कोणाची होती ते मला कळले.

मी भला माणूस आहे असे मला वाटत असे. म्हणून त्या रात्री मी मुद्दाम थांबलो, त्या गृहस्थांना बाजूला घेतले आणि त्यांची क्षमा मागितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आरोप चौघांना कळवलात, आणि माफी माझ्या एकट्याजवळ मागता?" मजजवळ उत्तर नव्हते. उत्तर नव्हते असे म्हणणेही खरे नाही. उत्तर होते, त्याच चौघांस दुसरे ई-मेल लिहिणे. पण तेवढे धैर्य मला झाले नाही. प्रकरण आता थंड झाले आहे, उगाच उकरून काय काढावयाचे, अशी मी मनाची समजूत घातली.

प्रकरण थंड मुळीच झाले नव्हते. त्या दिवसापासून दोन्ही पाळ्यांत एक विलक्षण सभ्यता नांदू लागली. कोणी कोणाला दूरध्वनी करीना. क्षुल्लक गोष्टही लेखी होऊ लागली, आणि प्रत्येक लेखाची प्रत वर जाऊ लागली. आवाज कोणाचा चढत नव्हता. परंतु जे काम पूर्वी एका वाक्यात होई, त्यास आता तीन तास लागू लागले. आठ महिन्यांनी त्या गृहस्थांनी दुसऱ्या शहरातील कचेरीत बदली मागून घेतली. त्यांचा मुलगा तेव्हा येथे दहावीत होता, आणि ते एकटेच तिकडे गेले, हे मला मागाहून समजले. मग मी ते ई-मेल लिहिले, चौघांसही प्रत धाडून. त्यांचे उत्तर एका ओळीचे आले: "मिळाले. आभारी आहे." ते अजूनही मजजवळ आहे.

श्रोतेहो, या हकीकतीत दुष्ट कोणीच नव्हता. ते गृहस्थ नव्हते, तो मुलगा नव्हता, आणि मीही नव्हतो अशी माझी समजूत आहे. सांधा मात्र कच्चा होता. काम एका पाळीकडून दुसरीकडे जाताना दोन माणसे समोरासमोर येतील अशी व्यवस्थाच कोणी केली नव्हती. पुढे आम्ही इतकेच केले: पाळी बदलताना पंधरा मिनिटे दोन्ही प्रमुखांनी एका टेबलाशी बसावयाचे, नोंद एकाने मोठ्याने वाचावयाची आणि दुसऱ्याने सही करावयाची. चुका त्यानंतरही झाल्या; पण त्यांची भांडणे झाली नाहीत.

सांधे मजबूत ठेवण्याची कला आपल्याकडे नवीन नाही. मुंबईचे डबेवाले पाहा. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतून आलेल्या या लोकांचा धंदा १८९० च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केला असे सांगतात. एकेकाळी त्यांची संख्या सुमारे पाच हजार होती; २०२० च्या साथीनंतर ती बरीच घटली. घरातून डबा उचलणारा एक, स्थानकावर त्यांची वर्गवारी करणारा दुसरा, शहरात तो पोहोचविणारा तिसरा. डबा असा हातोहात जातो, म्हणजे चुकीला जागोजाग वाव. मग त्यांनी काय केले? झाकणावर अक्षरांची, अंकांची व रंगांची खूण ठेवली. डबा कोठून आला आणि कोठे जावयाचा, हे ती खूणच सांगते, तोंडी निरोपावर काही अवलंबून राहत नाही. प्रत्येक टोळीस अनुभवी मुकादम असतो. कोणी आजारी पडल्यास त्याची जागा घेणारा माणूस असतो. आणि टोळीत पगारी नोकर व मालक असा भेद नसून मिळकतीचे वाटेकरी असतात. शेजाऱ्याची चूक ही आपलीच तूट, हे तेथे कोणास शिकवावे लागत नाही.

आता दुसरा प्रश्न. सांधा कितीही पक्का केला तरी दोन माणसांच्या गरजाच भिन्न असतील तर काय करावे? ऐरोलीच्या कोणत्याही वातानुकूलित कचेरीत जा, एक युद्ध अखंड चालू असलेले दिसेल: एकास उकडते, दुसरी शाल पांघरून बसते. या युद्धावरून मला अमेरिकेतील मेरी पार्कर फॉलेट या विदुषीची आठवण होते. १८६८ साली जन्मलेल्या या बाईंनी १९२५ साली विधायक संघर्षाविषयी एक व्याख्यान दिले, आणि त्यात स्वतःचा एक साधा अनुभव सांगितला. हार्वर्डच्या ग्रंथालयातील एका लहान खोलीत कोणास खिडकी उघडी हवी होती, बाईंना ती बंद हवी होती. शेवटी त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. त्यास हवा मिळाली, आणि यांच्या अंगावर येणारा उत्तरेचा वारा टळला. खिडकी अर्धी उघडणे ही तडजोड झाली असती, व तीत दोघेही असंतुष्ट राहिले असते. फॉलेटबाईंच्या मते तंटा मिटविण्याच्या वाटा तीन: एकाने दुसऱ्यावर मात करणे, दोघांनी थोडे थोडे सोडणे, आणि दोघांची खरी गरज शोधून ती नव्या मार्गाने भागविणे. आपल्याकडे तडजोड हा शब्द फार गौरवाने उच्चारला जातो. पण पुष्कळदा तडजोड म्हणजे पुढच्या भांडणाची ठेव असते. "तुम्हांला काय हवे?" याहून "ते तुम्हांला कशासाठी हवे?" हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो.

तेव्हा माझ्या तरुण श्रोत्यांस मी थोडक्यात इतकेच सुचवीन. रागाच्या भरात लिहिलेले ई-मेल धाडू नये. त्या माणसाकडे चालत जावे, आणि तो दूर असेल तर दूरध्वनी करावा. तक्रार प्रथम ज्याची त्याला सांगावी, तिसऱ्यास मागाहून. "तुम्ही नेहमीच असे करता" असे न म्हणता, "परवा अमुक घडले, त्यामुळे माझे तमुक अडले" असे म्हणावे. घडलेली गोष्ट तपासता येते, स्वभावावरील शेरा तपासता येत नाही. चूक कबूल करावयाची ती, ज्यांच्यापुढे दोष दिला त्यांच्यापुढेच करावी. आणि आपण प्रमुख असाल, तर भांडणारांस समज देण्यापूर्वी त्यांच्यामधील काम कोठे अडते ते जाऊन पाहावे.

तथापि एक इशारा दिल्यावाचून मला थांबता येत नाही. सहकार्याच्या नावाखाली अन्याय गिळावा असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. कित्येक कचेऱ्यांत "सांभाळून घ्या" हा उपदेश नेमका दुबळ्यालाच केला जातो. मालक व कामगार यांच्यातील प्रश्नांसाठी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर वा अधिक कामगारांच्या कारखान्यांत दोन्ही पक्षांच्या कार्यसमितीची तरतूद केली, व तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकांच्या प्रतिनिधींहून कमी नसावेत असे घातले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही अशी समिती आहे. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा वा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. जेथे छळ आहे, तेथे सांधा दुरुस्त करण्याची जबाबदारी छळ सोसणारावर टाकणे हा दुसरा छळ होय. तेथे समितीकडे जाणे हेच योग्य, आणि तसे जाणाऱ्या माणसाच्या मागे उभे राहणे हाच सहकाऱ्याचा धर्म.

परंतु अशी प्रकरणे सोडली, तर आपली नित्याची भांडणे फार लहान असतात, आणि लहान असतात म्हणूनच आपण ती तशीच राहू देतो. रेल्वेत पूर्वी सांधेवाला नावाचा एक नोकर असे. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर बिनधोक जावी म्हणून तो उन्हापावसात सांध्याशी उभा राही. गाडीतल्या कोणास त्याचे नाव ठाऊक नसे. आपल्या कचेऱ्यांतही असे एखादे माणूस असते: जाण्यापूर्वी दोन मिनिटे थांबून पुढच्याला सारे नीट समजावून देणारे. त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. उद्या सायंकाळी आपली गाडी चुकली तर चुको. पुढची काही वेळाने येते. पण जिन्यावर समोरून येणाऱ्या त्या माणसापाशी थोडे थांबा, आणि हातातले काम त्याच्या हातात नीट द्या. मी त्या दिवशी थांबलो नाही, म्हणून आपणांस सांगतो.