पोराचा भाव कोण ठरवतो?



आम्ही विद्यार्थी आहोत. आमची गावे तुमच्या गावांसारखीच आहेत. आमच्यात कोणी पैठणकडचा आहे, कोणी सिल्लोडकडचा, कोणी गेवराईचा, तर कोणी परतूरचा. काही मुली आहेत, काही मुलगे आहेत. शिकायला म्हणून आम्ही शहरात आलो आणि गुलमंडीच्या आसपासच्या गल्ल्यांत खोल्या घेऊन राहिलो. पूर्वी ज्याला औरंगाबाद म्हणत आणि २०२३ सालापासून छत्रपती संभाजीनगर म्हणतात, त्या शहराच्या जुन्या भागात ही गुलमंडी आहे. गुल म्हणजे फूल. मंडी म्हणजे बाजार. नाव फुलांचे, पण आज तिथे कापडाची आणि घरसामानाची मोठी उलाढाल चालते.

तुमच्यापैकी पुष्कळांनी गुलमंडी पाहिली असेल. लगीनसराई आली की गावोगावची माणसे बस्ता बांधायला तिथे येतात. जीप भरून पाहुणे येतात. नवरीचा शालू निघतो, वरमाईची साडी निघते, मामाचा पोषाख निघतो, मग भावकीचे कपडे निघतात. ढीग वाढत जातो. शेवटी दुकानदार आकडा सांगतो. त्या वेळी एकच माणूस गप्प असतो. तो म्हणजे नवरीचा बाप. सगळे कापडाकडे बघतात, तो खिशाकडे बघतो. त्या गप्प बसलेल्या माणसाबद्दल आज आम्हाला बोलायचे आहे.

तुम्ही म्हणाल, "पोरांनो, तुमचं वय काय! तुम्ही आम्हाला शहाणपण शिकवणार व्हय?" नाही, मंडळी. शेतीतले, कर्जातले, पाऊसपाण्यातले तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळते. पण ही एक गोष्ट आमच्या अंगावरची आहे. सोयरिकीच्या बैठकीत भाव होतो तो आमचा होतो. मुलाचा भाव लागतो आणि मुलीचे ओझे मानले जाते. ज्याचा भाव होतो, त्याने दोन शब्द बोलले तर त्यात गैर काय?

हा भाव कसा ठरतो ते पाहा. पोरगा शेती करतो, तर एक भाव. पोरगा मास्तर झाला, तर दुसरा भाव. पोलिसात लागला, इंजिनियर झाला, तर भाव आणखी चढतो. शिक्षण आले की हुंडा जाईल असे जुन्या माणसांना वाटत होते. झाले उलटे. जितके शिकलो, तितका आमचा दर वाढला. बाप म्हणतो, "तुझ्या शिक्षणाला खर्च झाला, तो कुठून काढू?" आम्ही विचारतो, तो खर्च दुसऱ्याच्या लेकीच्या बापाने का भरायचा? तुम्ही आम्हाला शिकवले ते माणूस व्हावे म्हणून. बैलबाजारात उभे करायला नव्हे.

आता हुंडा हा शब्द कोणी तोंडाने म्हणत नाही. शब्द बदलले आहेत. "आम्हाला काही नको, फक्त लग्न चांगलं करून द्या." "तुमच्याच मुलीच्या अंगावर दोन तोळे घाला." "पोराला यायला-जायला गाडी पाहिजे." शब्द गोड आहेत, पण पैसा एकाच घरातून जातो. मागून घेतले की तो हुंडाच. मग त्याला मानपान म्हणा, नाहीतर भेट म्हणा.

आता जरा हिशेब करू. आपण लिहा-वाचायला शिकलो ते हिशेबासाठीच. समजा, एका शेतकऱ्याने लेकीच्या लग्नासाठी ३ लाख रुपये काढले. व्याज शेकडा ३ रुपये महिना. म्हणजे महिन्याला ९ हजार रुपये व्याज झाले. वर्षाला १ लाख ८ हजार झाले. तीन वर्षांत नुसते व्याजच ३ लाख २४ हजार होते. मुद्दल तसेच उभे राहते. लग्नाचा मांडव एका दिवसात उतरला, पण कर्जाचा मांडव दारातच आहे. त्यातून एक पाऊस चुकला, कापूस किंवा सोयाबीन हातचे गेले, तर पुढे काय होते ते तुम्ही जाणता.

काही जण म्हणतात, "मुलीच्या लग्नात दिले, ते मुलाच्या लग्नात घेऊ. बरोबरी झाली." आम्ही या बोलण्याचा पुष्कळ विचार केला, कारण आमच्यातल्या अनेकांच्या घरी हीच अडचण आहे. बहिणीला हुंडा द्यायचा, म्हणून भावाचा घ्यायचा. पण ही बरोबरी होत नाही. मधले व्याज कोण परत देतो? जेवणावळीत आणि डीजेत उडालेला पैसा कोण परत देतो? ज्याला तिन्ही मुलीच आहेत, त्याने कोणाकडून घ्यायचे? आणि आपल्या घरी जी सून येते, तिचा बापही कोणाच्या तरी दारात कर्ज मागायला उभा असतो. पैसा या घरातून त्या घरात फिरतो. प्रत्येक फेऱ्यात सावकाराचे व्याज तेवढे वाढते. सगळी गावे मिळून गरीब होतात, आणि प्रत्येकाला वाटते की आपण फिटंफाट केली.

याचा सगळ्यात मोठा घाव मुलीवर बसतो. "वय वाढलं की हुंडा वाढतो," असे म्हणून आईबाप पोर लहान असतानाच उजवून मोकळे होतात. २०१९ ते २०२१ या काळात देशभर कुटुंब आरोग्याची मोठी पाहणी झाली. २० ते २४ वर्षांच्या बायांना विचारले, तुमचे लग्न कोणत्या वयात झाले? महाराष्ट्रात शंभरातल्या सुमारे २२ जणींचे लग्न १८ वर्षांच्या आत झालेले निघाले. परभणी जिल्ह्यात हा आकडा शंभरात ४८ निघाला. म्हणजे जवळजवळ निम्म्या. बीड जिल्ह्यातही तो शंभरात ४० च्या वर होता. मंडळी, हा आपला मराठवाडा आहे.

हे का होते, तेही उघड आहे. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊस तोडायला माणसे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला देतो. जोडी असली की उचल जास्त मिळते, म्हणून पोराचे लग्न लवकर करतात. आणि पोरीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, या काळजीपायी तिचेही लग्न लवकर होते. आईबाप दुष्ट नसतात. अडलेले असतात. पण अडचण बापाची आणि शिक्षा लेकीची, हा न्याय नव्हे. कोवळ्या अंगावर बाळंतपण आले की आईच्या जिवाला धोका आणि बाळ अशक्त. शाळा सुटली की हातचा रोजगार गेला, बोलायचे धाडसही गेले.

२०१७ च्या एप्रिल महिन्यात लातूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या तरुण लेकीने आपला जीव दिला. पिके हातची गेली होती. आपल्या लग्नापायी बापावर ओझे नको, असे तिने चिठ्ठीत लिहून ठेवले होते. त्या चिठ्ठीची बातमी राज्यभर झाली. आम्हाला वाटते, त्या मुलीने आपल्या सगळ्यांनाच एक प्रश्न विचारला आहे. मुलगी बापाला ओझे का वाटावी? ओझे मुलीचे नाही. ओझे रीतीचे आहे. आणि रीत माणसाने केली आहे, ती माणसाला मोडता येते. कोणा लेकीच्या मनात असा विचार येत असेल, तर तिला जवळ घ्या, बोलते करा, एकटी सोडू नका.

कोणी म्हणेल, "हुंडा म्हणजे मुलीचा वाटाच की." वाटा असेल तर तो तिच्या हातात पाहिजे. हुंड्याची रोकड सासऱ्याच्या हाती जाते, गाडी नवऱ्याच्या बुडाखाली जाते, आणि जेवण पाहुण्यांच्या पोटात जाते. मुलीच्या हाती काय उरते? खरा वाटा सातबाऱ्यावर असतो. २००५ साली हिंदू वारसा कायदा सुधारला, आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क जन्मापासून मिळाला. तो हक्क द्यायची वेळ आली, की भाऊ बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात. हुंडा देताना वाट्याची आठवण होते, आणि वाटा देताना हुंड्याची आठवण होते. हे काही खरे नाही.

कायदा काय सांगतो, तेही ऐकून ठेवा. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे. पुढे तो कडक केला. हुंडा घेणे, देणे आणि नुसता मागणे, तिन्ही गुन्हे आहेत. घेणाऱ्या-देणाऱ्याला साधारणपणे पाच वर्षांपेक्षा कमी नाही इतकी कैद सांगितली आहे. पण अडलेल्या बापाने भिऊ नये. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तक्रारीत खरे सांगितले, म्हणून त्याच्यावर या कायद्याखाली खटला चालत नाही. हुंडा दुसऱ्या कोणी घेतला असेल, तर तो तीन महिन्यांत मुलीच्या स्वाधीन करावा लागतो. लग्नाचे वय मुलीला १८ आणि मुलाला २१ पुरे पाहिजे. २००६ च्या कायद्याप्रमाणे बालविवाह करणाऱ्या मोठ्या पुरुषाला, लावणाऱ्याला आणि जमवून आणणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गावात बालविवाह रोखायचे काम ग्रामसेवकाकडे आहे, आणि त्याला अंगणवाडीताईने मदत करायची आहे. लहान मुलांच्या मदतीचा फोन १०९८ आहे. हा आकडा घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

पण मंडळी, नुसत्या कायद्याने काम होत नाही. होत असते, तर १९६१ लाच झाले असते. रीत बदलायला माणसे लागतात. ती आपल्याकडे पूर्वी झाली आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला सत्यशोधक रीतीने पहिले लग्न लागले. डामडौल नाही, भटजी नाही, कर्ज नाही. नवरा-नवरीने एकमेकांना वचन दिले. सावित्रीबाई त्या कामी पुढे होत्या. त्याला आता दीडशे वर्षे होऊन गेली. त्या काळी जे जमले, ते आज का जमू नये?

विद्यार्थ्यांनीही पूर्वी आपला वाटा उचलला आहे. १९३८ साली निजामाच्या राज्यात, याच शहरातल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणायचा हट्ट धरला. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातही तसेच झाले. पोरांना काढून टाकले. पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. तेव्हा समोर निजामाचे राज्य होते. आज आमच्यासमोर कोणाचे राज्य नाही. समोर आमचेच मामा, काका आणि आजी आहेत. निजामापुढे उभे राहणे कठीण होते. आजीपुढे उभे राहणेही सोपे नाही! ती रागावत नाही, रडते. पण तिच्याशी प्रेमाने बोलायचे आणि आपले म्हणणे सोडायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे.

आम्ही मुलांनी ठरवले आहे की हुंडा घेणार नाही, आणि घरच्यांना आमच्या नावाने मागू देणार नाही. लोक म्हणतील, "पोरगा फुकट तयार झाला, त्याच्यात काही खोट असंल." म्हणू द्या. आम्ही मुलींनी ठरवले आहे की बैठकीत मागणी झाली, तर ती सोयरीक आम्हीच मोडू. आणि पुढे आमच्या मुलांच्या बैठकीतही मागणार नाही.

तुमच्याकडे आमचे मागणे थोडके आहे. साखरपुड्यातच लग्न उरकायची चाल आपल्याकडे पडते आहे, ती उचलून धरा. टोपी-टॉवेलचा आहेर बंद करा. तो कोणी वापरत नाही, आणि देणाऱ्याचे मात्र पैसे जातात. गावातल्या चार लग्नांचा एकच मांडव घाला. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत करा. मुलीचे नाव शाळेतून काढू नका. आणि गावातला जो बाप हुंड्याला नाही म्हणतो, त्याच्या पाठीशी पाच घरे उभी करा. एकटा माणूस वाकतो. पाच घरे वाकत नाहीत.

बस्ता बांधायला गुलमंडीला जरूर या. नव्या नवरीला चांगली साडी घ्या, आणि घासाघीस करून घ्या. लग्न आनंदाचे काम आहे, त्यात कोणी उदास राहू नये. एवढेच पाहा, की दुकानाची पायरी उतरताना नवरीचा बापही इतरांसारखा हसत उतरला पाहिजे.