आभाळाच्या भरवशावरची वीज
(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



भारतातील वीजनिर्मितीचा पाया फार पूर्वीपासून ऋतुचक्रावरील विश्वासावर उभा आहे. 1915 साली खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, ते सह्याद्रीचा चार महिन्यांचा पाऊस लोणावळ्याच्या तलावांत साठेल आणि मुंबईच्या गिरण्या वर्षभर चालतील, या हिशेबावर. पाऊस आपल्या वेळी, आपल्या मापात येईल हे त्यात गृहीत होते. आज ते गृहीतच डळमळू लागले आहे.

कोळशावर चालणाऱ्या केंद्राला पाण्याची गरज नसते, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः तेथे कोळशाच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफ जनित्राचे चक्र फिरवते आणि त्या वाफेचे पुन्हा पाणी करण्यासाठी थंड पाण्याचा अखंड पुरवठा लागतो. कोळशाचे ढीग समोर असूनही पाण्यावाचून केंद्र बंद पडते. 2013 च्या फेब्रुवारीत बीड जिल्ह्यातील परळीच्या 1,130 मेगावॉट क्षमतेच्या केंद्राची नेमकी हीच अवस्था झाली. मराठवाड्यातील दुष्काळात गोदावरीवरील खडका बंधाऱ्यातून येणारे पाणी आटले आणि सर्व संच थांबले. जे थोडे पाणी शिल्लक होते, त्यावर पहिला हक्क तहानलेल्या गावांचा होता. त्याबद्दल दुमत असण्याचे कारणच नव्हते. परंतु विजेवाचून पाणीपुरवठ्याचे पंपही चालत नाहीत, हा पेच त्या दुष्काळाने उघडा केला. 2016 च्या मार्चमध्ये गंगेकाठच्या फरक्का येथेही तसेच घडले. कालव्यातील पाणी खालावल्याने 2,100 मेगावॉटच्या केंद्रातील निर्मिती थांबवावी लागली.

अतिवृष्टी आणि महापूर हे याच संकटाचे दुसरे रूप होय. 2023 च्या 3 ऑक्टोबरच्या रात्री उत्तर सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक या हिमनदीच्या सरोवरात काठाचा प्रचंड भाग कोसळला. उसळलेल्या लाटेने सरोवराचा बांध फोडला. खाली चुंगथांग येथे तिस्ता नदीवर 1,200 मेगावॉटच्या प्रकल्पाचे 60 मीटर उंचीचे धरण होते. ते काही मिनिटांत वाहून गेले आणि धरणातील पाणी मूळ पुरात मिसळून खालच्या वस्त्यांवर आदळले. अनेकांचे प्राण गेले. हे सरोवर वाढत असून ते फुटू शकते, असा इशारा शास्त्रज्ञ कित्येक वर्षे देत होते. ज्ञान उपलब्ध होते. ते निर्णयापर्यंत पोहोचले नाही.

उष्णतेचा घाव इतका दृश्य नसतो, पण तो सर्व बाजूंनी बसतो. 2022 चा मार्च हा भारतात 1901 पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण मार्च ठरला. विजेची मागणी अकाली वाढली, केंद्रांतील कोळशाचे साठे घटले आणि कोळशाच्या मालगाड्यांना वाट देण्यासाठी रेल्वेला प्रवासी गाड्या रद्द कराव्या लागल्या. उन्हाळा तीव्र झाला की शीतनाचे पाणीही तापते, त्यामुळे केंद्राची कार्यक्षमता उतरते. तारा तापून लोंबतात आणि त्यांची वहनक्षमता कमी होते.

सूर्य आणि वारा यांच्याकडे वळल्याने हा प्रश्न आपोआप सुटत नाही. सौरपट्टीचे तापमान 25 अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे तिचे उत्पादन साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते. पवनचक्की वादळी वाऱ्यात स्वतःच्या रक्षणासाठी थांबवावी लागते. मात्र या दोन्ही साधनांना वाफेच्या केंद्राइतके पाणी लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण दुष्काळी प्रदेशाने विसरू नये.

उपाय अज्ञात नाहीत. नागपूर शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक केंद्रांना पुरवले जाते. तितकेच नदीचे पाणी लोकांसाठी उरते. सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांनी असे पाणी वापरावे, असे केंद्र शासनाच्या 2016 च्या वीजदर धोरणातही नमूद आहे. हिमनदीच्या सरोवरांवर देखरेख, धरणापर्यंत वेळेत पोहोचणारी पूर्वसूचना आणि दुपारची सौरवीज रात्रीसाठी साठवण्याची सोय, हीही त्याच वाटेवरची पावले आहेत.

या शाळेचे अनेक विद्यार्थी अभियंते, प्रशासक आणि लेखापाल झाले, पुढेही होतील. कोणत्याही ऊर्जाप्रकल्पाचा आराखडा त्यांच्या मेजावर आला, तर सरासरी पावसाचा आकडा पाहून त्यांनी सही करू नये. सर्वांत कोरड्या वर्षी या केंद्राला पाणी कोठून येईल आणि सर्वांत मोठ्या पुराच्या रात्री धरणाखालच्या गावाला कोण उठवील, हे दोन प्रश्न त्यांनी आधी विचारावेत. शाळेने शिकवलेल्या भूगोलाचे आणि विज्ञानाचे चीज त्या दोन प्रश्नांत होईल.