नंदीच्या पायथ्याशी
(उत्सवातील भाषणाचे शब्दांकन)



आरतीच्या आधी वीस मिनिटं मिळाली आहेत आणि विषय दिलाय नंदी हिल्स. ‘यात आता हा नवीन काय सांगणार?’ असं पहिल्या रांगेतल्या दोघातिघांच्या चेहऱ्यावर दिसतंय, आणि ते बरोबरच आहे. होसकोट्यात राहायला आलेल्या प्रत्येक मराठी घरात हे होतंच. गावाकडून आई-वडील, मेहुणे, भाचरं आली की पहिला रविवार नंदीचा. पहाटे साडेतीनला उठायचं, सूलिबेले-देवनहळ्ळीमार्गे गाडी हाणायची, आणि सूर्य उगवतो तेव्हा आपण घाटरस्त्याच्या रांगेत ब्रेकवर पाय ठेवून बसलेलो असतो. वर पोचल्यावर मक्याचं कणीस, माकडं, टिपू ड्रॉपपाशी फोटो, आणि ऊन चढायच्या आत परत. पाहुणे सौजन्याने म्हणतात, ‘‘छान होतं हो, पण गर्दी फार.’’ आपल्या गावात पहाटे चारला बिर्याणीसाठी रांग लागते, तिच्याहून ही रांग मोठी असते एवढाच काय तो फरक.

तर मला वरच्या नंदीबद्दल बोलायचं नाही. खालच्या नंदीबद्दल बोलायचं आहे. त्या गर्दीपासून दोन-चार किलोमीटरवर, त्याच डोंगराच्या अंगाखांद्यावर, चालायला इतक्या वाटा आहेत की रविवारीसुद्धा तासभर माणूस भेटत नाही.

आधी डोंगराची ओळख. नंदी समुद्रसपाटीपासून सुमारे १४७८ मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटपेक्षाही थोडी उंच. हे सांगितलं की आपल्या मंडळातले सातारकर लगेच सावरून बसतात. पण घाबरू नका, आपण होसकोट्यातच जवळजवळ नऊशे मीटरवर राहतो, तेव्हा उरलेला चढ पाचसहाशे मीटरचा. नंदी एकटी नाही. स्कंदगिरी, ब्रह्मगिरी, चन्नगिरी असे तिचे शेजारी आहेत, आणि इकडची मंडळी या समूहाला पंचगिरी म्हणतात. कन्नडमध्ये डोंगराला ‘बेट्ट’. नंदी बेट्ट म्हटलंत तर खेड्यातला माणूस आनंदाने वाट दाखवतो. हिल्स म्हटलंत तर पार्किंग दाखवतो.

आणि दगड! आमच्या खात्यातल्या माणसाला आधी दगडच दिसतो, त्याला इलाज नाही. आपला सह्याद्री बेसाल्टचा, लाव्हाच्या थरांचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणून त्याला पायऱ्या-पायऱ्यांचे कडे आणि सपाट माथे. इकडचा दगड ग्रॅनाइट आणि नाइस, अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा. सह्याद्री त्याच्यापुढे कालचं पोर. हा दगड थरांनी नाही, सालींनी सुटतो, कांद्यासारखा. म्हणून नंदीचे खडक गोल, गुळगुळीत, हत्तीच्या पाठीसारखे. गावाकडे आम्ही रुळांखाली काळी खडी पसरायचो, इकडे पांढरट-करडी. माप तेच, ६५ ते २० मिलिमीटर, पण फावड्याचा आवाज वेगळा येतो.

आता चालायला कुठून सुरुवात करायची? माझं मत विचाराल तर रेल्वेने. (हशा.) हसू नका. १९१५ साली बेंगळुरू-चिक्कबळ्ळापूर ही अडीच फुटी नॅरोगेज लाइन सुरू झाली. त्या काळातली छोटी दगडी स्टेशनं देवनहळ्ळी, नंदी हॉल्ट अशी अजून उभी आहेत. लाइन पुढे ब्रॉडगेज झाली, विद्युतीकरण झालं, आता मेमू जाते. नंदी हॉल्टला उतरलात की समोर अख्खा डोंगर, आणि अर्ध्या तासाच्या चालीवर नंदी गावातलं भोगनंदीश्वराचं देऊळ. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव. ही ‘बंगळूर ब्लू’ द्राक्षं, काळी, बियांची, आंबटगोड. आमच्या एका सांगलीकर सहकाऱ्याने ती खाऊन तोंड वाकडं केलं. पण दुसऱ्या खेपेला त्याने स्वतःच दोन किलो घेतली.

भोगनंदीश्वर नवव्या शतकापासूनचं. नोळंब, चोळ, होयसळ, विजयनगर, ज्याचं राज्य आलं त्याने काही ना काही भर घातली. एकाच आवारात अरुणाचलेश्वर आणि भोगनंदीश्वर, मधे उमामहेश्वराचा कोरीव मंडप. पलीकडे पायऱ्या-पायऱ्यांची पुष्करणी, तिला इकडे ‘कल्याणी’ म्हणतात. अरुणाचलेश्वर हे शिवाचं बालरूप, भोगनंदीश्वर तरुण, संसारी रूप, आणि वैराग्याचा योगनंदीश्वर वर माथ्यावर. म्हणजे खालून वर चालत जाणं हाच त्या स्थळाचा मूळ क्रम आहे. गाडीने थेट वर जाणारा एकदम वैराग्यालाच भेटतो, आणि तेही पार्किंगचे पैसे भरून!

पायथ्याच्या सुलतानपेठेतून जुनी पायऱ्यांची वाट वर जाते. अकराशेच्या वर पायऱ्या आहेत. काही तुटक्या, काही गवतात बुडालेल्या, पण वाट चुकत नाही. सवयीच्या माणसाला तास, आपल्यासारख्या पोटवाल्यांना दीड-दोन तास. वाटेत जुने दरवाजे आणि तटाचे तुकडे लागतात. हा किल्ला ऑक्टोबर १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने टिपूच्या सैन्याकडून घेतला. पायऱ्यांवर घाम गाळत असताना मनात येतं, तोफांच्या माऱ्याखाली ही चढण कशी चढले असतील. गाडीतून हे मनात येत नाही. कान शाबूत ठेवले तर पिवळ्या गळ्याचा बुलबुल ऐकू येईल. दक्षिणेतल्या खडकाळ डोंगरांखेरीज तो कुठे नाही, आणि त्याला बघायला लोक लांबून येतात.

जुन्नरचे आमचे एक मित्र पहिल्यांदा आले तेव्हा पायथ्याशी म्हणाले, ‘‘शिवनेरीच्या पोरांना हे टेकाड काय दाखवता?’’ तीनशेव्या पायरीला त्यांनी पाणी मागितलं. सहाशेव्या पायरीला ते बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मला वाटलं दम लागला. पण ते खाली बघत होते. धुकं सरलं होतं, खाली तळ्यांमागून तळी चमकत होती. ते म्हणाले, ‘‘बारा वर्षं या गावात राहतोय, इथे इतकं पाणी आहे हे मला माहीतच नव्हतं.’’

मित्रहो, या वाक्यासाठी मी आज बोलायला उभा आहे. कारण ते पाणी आपलंच आहे. दक्षिण पिनाकिनी चन्नगिरीच्या, म्हणजे चन्नकेशव डोंगराच्या परिसरात उगम पावते आणि वाहत वाहत येते ती आपल्या होसकोट्याच्या मोठ्या तळ्यात, दोड्ड केरेत. पुढे ती तमिळनाडूत जाते, तेन्पेण्णै होते आणि कडलूरजवळ समुद्राला मिळते. त्याच डोंगरातून उत्तर पिनाकिनी निघते, ती आंध्रात नेल्लोरकडे जाते, आणि अर्कावती निघते, ती कावेरीला. एका डोंगरातून तीन दिशांना तीन नद्या. अर्कावतीवर हेसरघट्टा आणि तिप्पगोंडनहळ्ळी ही धरणं बांधून एके काळी बेंगळुरूची तहान भागवली गेली. आज तिचं वरचं पात्र बहुतेक काळ कोरडं असतं. बोअरवेल, निलगिरीची लागवड, बुजलेले ओढे, कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. आजूबाजूला खाणी आहेत त्या वेगळ्याच. २०२१ च्या फेब्रुवारीत चिक्कबळ्ळापूरजवळ खाणीच्या स्फोटकांनी सहा माणसं गेली तेव्हा त्या डोंगरांचं नाव पेपरात आलं. मी खडी वापरणाऱ्या खात्यातला माणूस, खाणी बंद करा असं कुठल्या तोंडाने म्हणू? पण कुठला डोंगर फोडायचा आणि कुठला ठेवायचा, हे ठरवताना त्या डोंगरावर चाललेली माणसं गावात असावीत, एवढं मला नक्की वाटतं.

त्यातच आपल्या उत्सवाचा मुद्दा येतो. मूर्ती शाडूची की प्लास्टरची, या वादात मी दरवर्षी शाडूच्या बाजूने हात वर करतो, तो भावनेपोटी नाही. पाणी कुठून येतं ते मी पाहिलंय म्हणून.

नंदीच्या आसपासचं आणखी एक ठिकाण इंजिनिअर मंडळींना चुकवून चालणार नाही, ते म्हणजे मुद्देनहळ्ळी. सर विश्वेश्वरय्यांचं जन्मगाव, अगदी डोंगराच्या पायथ्याशी. शिकले पुण्याच्या सायन्स कॉलेजात, १८८४ मध्ये नोकरीला लागले मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात, आणि त्यांनी शोधलेली स्वयंचलित दारं १९०३ साली पहिल्यांदा बसली आपल्या खडकवासल्याला. ते इथून तिकडे गेले, आपण तिकडून इथे आलो. त्यांचं घर स्मारक म्हणून जपलंय आणि समाधीही तिथेच आहे. १५ सप्टेंबर बहुधा गणपतीच्या मागेपुढेच येतो. मी डिप्लोमावाला असलो तरी त्या दिवशी तिथे जाऊन उभं राहायला बरं वाटतं.

उलट दिशेने आलेले आणखी एक पाहुणे गांधीजी. १९२७ साली कोल्हापूर-निपाणीकडच्या दौऱ्यात त्यांची प्रकृती बिघडली. विश्रांतीसाठी आधी आंबोली आणि मग एप्रिल ते जूनची सुरुवात नंदी. सीमाभागातल्या आजाराला नंदीची हवा, असा तो योग होता.

आता थोडं काळजीचं, कारण इथे तरुण मुलं बसली आहेत. २०२२ च्या फेब्रुवारीत एक १९ वर्षांचा विद्यार्थी ब्रह्मगिरीच्या कड्यावरून घसरून खाली खडकात अडकला. त्याला काढायला वायुसेनेचं हेलिकॉप्टर आणावं लागलं. वाचला, पण नशिबाने. सह्याद्रीत आपल्याला पकड मिळते, गवत मिळतं, खाच मिळते. इथला गोल खडक आधी सोपा वाटतो, पुढे पुढे कलत जातो, आणि परत फिरायचं कळतं तेव्हा पायाखाली काही नसतं. ओला असेल तर साबणच. शिवाय गावाकडचा पावसाचा हिशोब इथे चालत नाही. इथे जोराचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात, बहुतेक दुपारनंतर, विजांसकट. उघड्या खडकावर वीज म्हणजे काय ते सांगायला नको. २०२१ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीच्या पावसाने दरड येऊन नंदीचा रस्ताच तीन महिन्यांहून जास्त बंद होता. म्हणून सकाळी चढा, दुपारच्या आत खाली या.

स्कंदगिरी सर्वांत सुंदर, हे माझं वैयक्तिक मत. कळवार गावाच्या पापघ्नी मठापासून वाट सुरू होते, माथ्यावर पडका किल्ला आहे, आणि थंडीत ढग पायाखाली येतात. पण वन खात्याची ऑनलाइन नोंदणी केल्याशिवाय सोडत नाहीत. रात्री चोरून चढायचे दिवस गेले, आणि गेले ते बरं झालं.

मागच्या महिन्यात माझी मुलगी शाळेच्या वहीत ‘आमच्या गावचा डोंगर’ असा निबंध लिहीत होती. मला वाटलं तोरण्यावर लिहील, कारण आमचं मूळ गाव त्याच्या छायेतलं. तिने नंदीवर लिहिलं होतं. पायऱ्यांची संख्यासुद्धा बरोबर दिली होती. मी काही बोललो नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘मग तिथल्या देवाला नारळ फोडला का?’’

तर दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी जायचं ठरवतोय. लहान मुलं आणि आजी-आजोबा भोगनंदीश्वराच्या आवारात, बाकीचे पायऱ्यांनी वर, उतरल्यावर सगळे मुद्देनहळ्ळीला. डबा घरचा, प्लास्टिकची बाटली कुणी आणायची नाही. नावं आरतीनंतर माझ्याकडे किंवा खजिनदारांकडे द्या. गाडीची वेळ मी पाहून ठेवतो, तेवढं माझं काम.

गणपती बाप्पा मोरया!